फेटा बांधून होईपर्यंत

विद्यापीठाच्या अधिसभेवर मी निवडून आलो तेव्हा आमच्या अकोल्याच्या कॉलेजात पेढे वाटले गेले, ते माझ्या तोंडाच्या भरवशावर. हा माणूस गप्प बसणार नाही अशी माझी ख्याती होती आणि मी ती जिवापाड जपली होती. प्राचार्यांना दोन शब्द सुनवायचे असले की अख्खी स्टाफरूम माझ्याकडे बघायची, आणि मीही कोणाला निराश करत नसे. आता अमरावतीला विद्यापीठात बसलेल्या साहेबांची काही खैर नाही, असं मी स्वतःच चार जणांना सांगून ठेवलं होतं. आज ते आठवलं की कान तापतात.

अधिसभा म्हणजे विद्यापीठाला जाब विचारायची जागा. वर्षातून एक-दोनदा भरते. शिक्षकांनी, पदवीधरांनी, संस्थाचालकांनी पाठवलेले सदस्य समोर बसतात, मंचावर कुलगुरू आणि बाजूला अधिकारी. पहिला तास प्रश्नोत्तरांचा. प्रश्न आधी लेखी द्यायचा, मग त्या दिवशी उभं राहून त्यावर खोदून विचारायचं, आणि अधिकाऱ्याला सगळ्यांच्या देखत तोंड उघडावं लागतं. तास संपला की मागे राहिलेले प्रश्न संपले. त्यांची छापील उत्तरं दिली असं समजायचं. छापील उत्तर बहुतेक वेळा एकच असतं : माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे.

माझा प्रश्न मला एका सहकाऱ्यानं आणून दिला. हे सर मूर्तिजापूरला राहतात आणि रोज रेल्वेनं अकोल्याला येणंजाणं करतात. त्यांची बहीण वलगावला दिलेली. तिची मुलगी मामाकडे राहून तिथल्याच बाजूच्या एका लहानशा कॉलेजात बी.एस्सी. करत होती. शेवटच्या सत्राचा निकाल लागला आणि तिच्या वर्गातल्या झाडून सगळ्यांपुढे ‘प्रात्यक्षिकात गैरहजर’ असं आलं. म्हणजे निकाल राखून ठेवलेला. वर्गच्या वर्ग गैरहजर होता तर परीक्षकानं त्या दिवशी परीक्षा घेतली कोणाची, हा प्रश्न विद्यापीठात कोणालाच पडला नव्हता. कॉलेज म्हणायचं, आम्ही गुण संगणकावर भरले. विद्यापीठ म्हणायचं, आमच्याकडे पोचलेच नाहीत. संगणकाचं काम ज्या कंपनीला दिलं होतं तिचा फोन नुसता वाजत राहायचा.

‘‘सर, पोरीचं नाव लागलं भरतीत,’’ सहकारी मला म्हणाले. ‘‘सरकारी हाये. प्रयोगशाळा सहायक. कागदं तपासाले बोलावतील तवा गुणपत्रिका पाह्यजे. नसन तं नाव काढून टाकतात. इकडून तिकडं चकरा मारून राहिलो आमी, कोणी दाद नाई देत. तुमी सभेत इचारा न एकडाव.’’

मी विचारणार नाही तर कोण विचारणार! गुण कुठे गहाळ झाले, त्याला जबाबदार कोण आणि निकाल कोणत्या तारखेला लागणार, असा तीन पदरी प्रश्न मी लिहिला आणि पाठवण्याआधी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवला. लोकांनी माना डोलावल्या. पुढे सभा शुक्रवारी ठरली, आणि त्याच सुमारास मुलीला कागदपत्रं तपासण्याचं बोलावणं आलं, लगेच पुढच्या सोमवारचं. म्हणजे शुक्रवारी काही हललं तर हललं, नाहीतर हातातली नोकरी गेली. मी सहकाऱ्याला म्हटलं, पोरीलाच पाठवा अमरावतीला, प्रेक्षकांच्या गॅलरीचा पास काढून देतो, जाब कसा विचारतात ते तिला बघू द्या. हे मी का केलं? तिला धीर यावा म्हणून केलं असं मी तेव्हा म्हणालो. खरं सांगायचं तर मला कोणीतरी बघायला हवं होतं.

सकाळी ती फाटकाशीच उभी होती. वलगावहून एसटीनं आलेली, इस्त्रीचा ड्रेस, छातीशी धरलेली प्लास्टिकची फाइल. मला पाहून म्हणाली, ‘‘सर, मले बी बोला लागन काय तिथं?’’

‘‘नाही गं. तिथे आम्हीच बोलतो,’’ मी म्हणालो.

‘‘मंग बरं हाये,’’ ती हसली. ‘‘मले त लय भेव वाटून राहिलं होतं.’’

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक जुने सदस्य बसत. कितीतरी वर्षं पदवीधरांकडून निवडून येणारे, पिकलेले गृहस्थ. माझ्या प्रश्नावर नजर टाकून त्यांनी मला विचारलं, ‘‘तुमचा सत्कार झाला का हो?’’

‘‘कसला सत्कार?’’

‘‘नाई, सहज इचारलं. माही साठी या विद्यापीठवाल्यायनं दोनदा साजरी केली. दोन्ही डाव माहे प्रश्न यायले आडवे जानारे होते.’’ आणि ते बडीशेप चघळत समोर बघायला लागले. मला वाटलं, म्हाताऱ्याची थट्टा असेल.

तास सुरू झाला. पहिले दोन प्रश्न वसतिगृहाच्या पाण्याचे आणि रस्त्यावरच्या दिव्यांचे होते, ते रमतगमत झाले. मग माझा क्रमांक पुकारला. मी उभा राहिलो, समोरच्या माइकचं बटण दाबलं, घसा साफ केला आणि वर गॅलरीकडे एक नजर टाकली. ती पुढे सरकून बसली होती.

कुलगुरू म्हणाले, ‘‘सन्माननीय सदस्यांचा प्रश्न घेण्यापूर्वी एक आनंदाची गोष्ट आहे.’’

राज्याच्या एका अभ्यासक्रम समितीवर माझी नुकतीच नेमणूक झाली होती. माझ्या घरीसुद्धा त्याचं कोणाला फार अप्रूप नव्हतं. पण कुलगुरूंना होतं. वऱ्हाडाचा सन्मान झाला, ते म्हणाले, आणि आपल्या माणसाचं कौतुक आपण नाही करायचं तर कोणी? टाळ्या पडल्या. मला हातानं धरून मंचावर नेलं. शाल आली, श्रीफळ आलं, गुच्छ आला. वाटलं, झालं आता, दोन मिनिटांचं काम आहे. तेवढ्यात मागच्या दारातून एक माणूस आला. त्याच्या खांद्यावर भगव्या-गुलाबी कापडाचा लांबच लांब पट्टा होता.

फेटा बांधणारा माणूस काही रस्त्यानं जाता जाता विद्यापीठाच्या सभागृहात शिरत नाही. त्याला आदल्या दिवशी सांगावं लागतं, त्याची वेळ ठरवावी लागते, त्याला मागच्या खोलीत बसवून चहा पाजावा लागतो. हे सगळं मला आज स्पष्ट दिसतं. त्या वेळी मी खुर्चीवर बसून मान पुढे केली. कोणी जबरदस्ती केली नाही. मीच केली.

‘‘मान हालवू नका, सर,’’ फेटेवाला म्हणाला. ‘‘पेच बिघडते.’’

म्हणून मी हललो नाही. फेटा बांधायला किती वेळ लागतो हे लग्नाच्या वरातीत कधी कळत नाही, कारण तिथे घाई नसते. एक पेच, दुसरा पेच, मग तो मागे सरकून बघायचा, मान वाकडी करायचा आणि एक पेच सोडून पुन्हा घालायचा. सभागृहातलं घड्याळ माझ्या डोक्यामागच्या भिंतीवर होतं. मला ते दिसत नव्हतं आणि वळून बघायची सोय नव्हती. दरम्यान सदस्य एकेक करून माझ्यावर बोलायला उठत होते. ज्यानं निवडणुकीत गावोगाव सांगितलं होतं की हा मास्तर नुसता बडबड्या आहे, त्यानं मला निर्भीड म्हटलं. एका संस्थाचालकानं माझ्या वाणीला धार आहे असं सांगितलं. परीक्षा विभागाच्या अधिकाऱ्यांनी, ज्यांना मी घाम फोडणार होतो, माझ्या सडेतोड स्वभावाचे दाखले दिले.

आणि मला ते आवडलं. आता लपवून काय करू? आत कुठेतरी कळत होतं की वेळ जातोय, पण ‘निर्भीड’ हा शब्द कानावर पडला की ते कळणं मागे सरत होतं. अजून एक जण बोलला असता तर मी तेही ऐकलं असतं.

तुरा काढून झाला, टाळ्यांचा कडकडाट झाला. मी एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात गुच्छ धरून उभा राहिलो तेव्हा कुलगुरू घड्याळाकडे बघत होते. ‘‘प्रश्नोत्तराचा तास संपला आहे. उरलेल्या प्रश्नांची उत्तरं पटलावर ठेवली आहेत.’’

‘‘साहेब, माझा प्रश्न…’’ मी म्हणालो. माइक नव्हता, म्हणून आवाज पहिल्या रांगेच्या पुढे गेला नसावा.

‘‘आज तुम्ही सत्कारमूर्ती आहात, सर,’’ ते मोठ्या प्रेमानं म्हणाले. ‘‘आज प्रश्न नाही विचारायचे.’’

सभागृह हसलं. मीही हसलो. वर पाहिलं तर गॅलरीत ती टाळ्या वाजवत होती. सगळे वाजवत होते म्हणून तीही वाजवत होती. आपल्या सरांचा मान झाला याचा तिला मनापासून आनंद झालेला दिसत होता. ज्या गोष्टीसाठी ती फाइल छातीशी धरून आली होती ती गोष्ट आत्ताच तिच्या डोळ्यांदेखत बुडाली, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ती पायऱ्यांशी भेटली. ‘‘सर, फेटा मस्त शोभते तुमाले,’’ म्हणाली, आणि पुढे विचारलं, ‘‘आपला प्रश्न जेवनानंतर हाये काय?’’

शब्दांचा पसारा मांडायची माझी एवढी सवय, पण ‘नाही’ हा एक शब्द सापडत नव्हता. तेवढ्यात मागून परीक्षा विभागाचे तेच अधिकारी आले. गोड माणूस, आवाज नेहमी लोण्यात घोळवलेला. ‘‘सर, ही आपली मुलगी का?’’ त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सहकाऱ्याची भाची. ‘‘मग आधी का नाही बोललात? ओळखीच्या माणसाचं काम असं प्रश्न टाकून करतात का कोणी? या, वर या.’’

मी गेलो. फेटा डोक्यावर तसाच. तीही मागोमाग आली.

त्यांच्या खोलीत त्यांनी तिचा नंबर विचारला आणि तिथूनच तिच्या कॉलेजला फोन लावला. हात मोकळे राहावेत म्हणून फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पलीकडून तिथल्या लिपिकाचा आवाज आला. त्यानं गुणांचा कागद पाहिला आणि तिचे प्रात्यक्षिकाचे गुण खडाखडा वाचून दाखवले. गहाळ झालेले, संकलित होत असलेले, कंपनीकडे अडकलेले ते गुण. चहा यायच्या आधी सापडले.

‘‘साहेब, कागद हातातच हाये,’’ पलीकडचा लिपिक म्हणाला. ‘‘बाकीच्या पोरापोरीईचे बी सांगू काय?’’

‘‘नको,’’ साहेब म्हणाले. ‘‘सध्या एवढेच.’’

खोलीत आम्ही तिघं होतो आणि तिघांनीही ते ऐकलं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं तिची अपेक्षा होती की मी आता काहीतरी बोलेन. मी निर्भीड होतो, सडेतोड होतो, अर्ध्या तासापूर्वीच सर्वानुमते तसं ठरलं होतं.

मी विचारलं खरं, पण कसं विचारलं! ‘‘बाकीच्यांचंही बघता आलं असतं तर बरं झालं असतं, नाही का?’’ लग्नात पंगतीला बसलेला माणूस वाढप्याला आणखी एक जिलबी मागतो तसा तो माझा आवाज होता.

‘‘कसं करणार, सर?’’ ते म्हणाले. ‘‘तुम्हीच प्रश्न टाकलाय, जबाबदार कोण. आता समिती नेमावी लागेल. जबाबदारी ठरेपर्यंत त्या निकालांना हात लावला तर उद्या तुम्हीच म्हणाल, परस्पर केलं. हिचं आम्ही खास बाब म्हणून करतोय. तुमच्या शब्दाखातर.’’ मग त्यांनी एक कागद पुढे सरकवला. प्रश्नाच्या उत्तरानं माझं समाधान झालं आहे आणि मला पुढे काही विचारायचं नाही, एवढाच मजकूर. ‘‘म्हणजे हिचं आज संध्याकाळपर्यंत होऊन जाईल. उद्या-परवा सुट्टी आहे. सोमवार म्हणालात ना?’’

सोमवार मी त्यांना सांगितला नव्हता. बहुतेक मुलीनं जिना चढताना सांगितला असेल.

या जागी मी काय करायला हवं होतं हे मला अनेकांनी नंतर सांगितलं, आणि मीही स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. कागद भिरकावून द्यायचा होता, खाली जाऊन पत्रकारांना गोळा करायचं होतं. पण शेजारी ती उभी होती. भिरकावून दिला असता तो कागद माझा, नोकरी गेली असती ती तिची. तिच्या जिवावर मी शूर व्हायचं का? असं मी तेव्हा मनाशी म्हणालो. हे खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मला त्या खोलीतून चांगल्या संबंधांनी बाहेर पडायचं होतं, हेही त्यात होतं. मी सही केली. ‘समाधान’ या शब्दाच्या खाली माझं नाव मी चांगल्या अक्षरात लिहिलं.

संध्याकाळी गुणपत्रिका तिच्या फाइलमध्ये होती. एसटी स्टँडवर ती थोडा वेळ माझ्यासोबत थांबली. ‘‘सर, बाकीच्या पोरीईले सांगू काय, इथं या म्हणून? माह्यासंग दोघी तिघी लय हुशार हायेत.’’

‘‘नको,’’ मी म्हणालो. ‘‘सध्या कोणाला काही सांगू नको.’’

साहेबांचाच शब्द माझ्या तोंडून जसाच्या तसा आला. तिनं मान हलवली आणि ती वलगावच्या गाडीत जाऊन बसली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद थोडा कमी झाला होता. नोकरीच्या आनंदातला तेवढा वाटा मी काढून घेतला होता.

सोमवारी तिची कागदपत्रं मंजूर झाली. तिच्या आईचा वलगावहून फोन आला. ‘‘जय भीम, सर. तुमच्यामुळं झालं. आमच्या घरातली पयली सरकारी नोकरी हाये.’’ बिचारी फोनवर रडत होती. मी ‘जय भीम’ म्हणालो, मुलीचं कौतुक केलं आणि लवकर फोन ठेवला. स्टाफरूममध्ये सहकाऱ्यानं सगळ्यांदेखत माझे हात हातात घेतले. लोक म्हणाले, बघा, याला म्हणतात वजन. आजवर मला लोक तोंडाळ म्हणत, तेव्हा मला कधी वाईट वाटलं नव्हतं. वजन म्हणाले त्या दिवशी मी डबा न खाता वर्गावर गेलो.

समिती नेमली गेली. तिची एकही बैठक झाल्याचं मला कळलं नाही. पुढच्या सभेसाठी मी तोच प्रश्न पुन्हा लिहून पाठवला, या वेळी स्टाफरूममध्ये न वाचता. तो परत आला. या विषयावर सन्माननीय सदस्यांचे समाधान झालेले असल्याने प्रश्न स्वीकारता येत नाही. चूक कुठेच नव्हती. सगळा कारभार नियमात, अगदी पारदर्शक, कोणीही येऊन माझी सही बघावी.

शेजारच्या खुर्चीवरच्या त्या जुन्या सदस्यांना मी हे फोनवर सांगितलं. मला वाटलं होतं ते हसतील. ते म्हणाले, ‘‘मले काहून सांगून राहिले? त्या पोराईले सांगा न.’’

पोरांना सांगायची वेळ लवकरच आली. एकीचा निकाल लागला ही गोष्ट कधी लपून राहते का? तिच्या वर्गातल्या मुलांचे फोन यायला लागले. मी त्यांना समिती, पाठपुरावा, प्रक्रिया असे शब्द देत राहिलो. हे शब्द माझ्या तोंडात किती सहज बसतात हे मला नवीनच कळत होतं. फोन हळूहळू कमी झाले. शेवटी आला तो धारणीकडच्या एका मुलीचा. मेळघाटातल्या कुठल्याशा गावातून ती जीपनं धारणीला आली होती, कारण तिच्या गावात फोन लागत नाही. ती मूर्तिजापूरला सरकारी वसतिगृहात राहून शिकली होती. बी.एड.चे प्रवेश संपत आले होते आणि तिचा निकाल अजून राखून ठेवलेला होता. वलगावच्या मुलीनंच तिला माझा नंबर दिला होता.

घरी कोरकू बोलणारी ती मुलगी. तिची मराठी शाळेत शिकलेली, एकेक शब्द जपून ठेवणारी. मी तिलाही तेच सांगायला लागलो. समिती नेमली आहे, मी पाठपुरावा करतो आहे. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मागे जीपवाल्यांचा आरडाओरडा चालला होता.

‘‘सर, माझ्या मैत्रिणीचं झालं ना,’’ ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. चौकशीच्या खिडकीशी उभं राहून एखादी माहिती विचारावी तसं तिनं विचारलं, ‘‘ती म्हणाली, ती तुमच्या ओळखीची आहे म्हणून झालं. मला तुमच्या ओळखीत यायचं असेल तर काय करावं लागतं?’’